जंतुरोधक सिलिकोनची खरी परीक्षा

सिलिकोनच्या साखळीचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या आलटूनपालटून येणाऱ्या अणूंचा असतो, बाजूला मिथिल गट. त्यामुळे ते लवचिक राहते, दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करता येते आणि शरीराला सहसा बाधत नाही. म्हणून लघवीच्या नळ्या त्याच्या करतात. पण त्याच्या जलविरोधी पृष्ठभागावर प्रथिने बसतात, मग जंतू. जंतूंनी चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, धरला की प्रतिजैविकांचे फारसे चालत नाही.

यावर मार्ग दोन. चांदी किंवा क्लोरहेक्सिडीन मिसळले तर ते झिरपत राहते, आणि साठा संपला की नळी पुन्हा साधी. दुसऱ्या मार्गात चतुर्थक अमोनियम गट रासायनिक बंधाने साखळीलाच जोडतात. त्यांचा धन प्रभार आणि लांब कार्बनी शेपूट जंतूचे पटल फाडतात. मला हाच मार्ग पटतो, पण तो अडचणींचा आहे. सिलिकोन पक्के करायला प्लॅटिनम उत्प्रेरक घ्यावा, तर हे गट घडवताना उरलेले अमाइन त्याला निकामी करते आणि मिश्रण ओलेच राहते. शिवाय साखळ्या हलत राहतात: प्लाझ्माने (आयनित वायूने) जलस्नेही केलेला पृष्ठभाग काही दिवसांत मूळ स्वभावावर येतो. मेलेले जंतू चिकटून राहिले तर त्यांच्यावर नवे बसतात. प्रभार वाढवावा, तर माणसाच्या पेशीही दुखावतात.

जाहिरातीतल्या ‘99.9 टक्के’चा हिशेब करून पाहा. 10 लाख जंतूंपैकी 1000 उरतात. अनुकूल स्थितीत ई. कोलाय 20 मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे साडेतीन तासांच्या आत पुन्हा 10 लाख! जंतुरोधक पृष्ठभागांची आयएसओ 22196 ही रूढ चाचणी 24 तासांची, नळी मात्र कित्येकदा आठवडेच्या आठवडे आत असते. तेव्हा पहिल्या दिवशी किती मेले याला फारसा अर्थ नाही.

खरी, लांब मुदतीची परीक्षा जालन्यात घेता येईल. सळया आणि बियाण्यांच्या या शहरात 2018 पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर आहे; 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. पदार्थ घडवण्याची विद्या आणि नळी घातलेला रुग्ण एकाच शहरात आले आहेत. दोन्ही संस्थांनी मिळून प्रथिनयुक्त कृत्रिम लघवीत 28 दिवस ठेवलेल्या नमुन्यांची परीक्षा घ्यावी आणि फसलेले नमुनेही प्रसिद्ध करावेत.