डॉल्बी, धुमाल आणि गॅबर : ओमतीतून ऐकलेला एक इतिहास



कोल्हापूर-सांगलीकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. डॉल्बी लावला, डॉल्बी बंद करा, डॉल्बीमुक्त गणेशोत्सव, हे शब्द तिकडच्या वर्तमानपत्रांत दरवर्षी येतात. आता गंमत बघा. रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. नको असलेला आवाज घालवणं हाच तिचा पहिला उद्योग. त्याच माणसाचं नाव आपण खिडक्यांची तावदानं हलवणाऱ्या यंत्राला देऊन टाकलं.

आमच्या जबलपुरात त्याच भिंतीला ‘डीजे’ म्हणतात. डीजे म्हणजे मुळात रेकॉर्ड वाजवणारा माणूस. इथे माणूस मागे पडला आणि ट्रक डीजे झाला.

या ट्रकवर जे वाजतं त्याला इतिहास आहे का, हा आजचा प्रश्न. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: छे, तो नुसता गोंगाट, परंपरेची नासाडी. मला ते पटत नाही. आणि ‘तरुणांचा आनंद आहे, वाजू द्या’ हेही पटत नाही. दोन्ही उत्तरं ऐकण्याचे कष्ट वाचवतात. आपण आज ते कष्ट घेऊ.

ओमती कुठे आहे

महाराष्ट्राबाहेरच्या श्रोत्यांसाठी आणि महाराष्ट्रातल्यांसाठीही सांगतो. ओमती हा जबलपूरचा जुना, मधला भाग. ओमती नाला, घंटाघर, ओमती चौक, पलीकडे भरतीपूर. सगळ्या धर्मांची दाट वस्ती. मराठी माणूस इथे काल आलेला नाही. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख घेतला, १७९८ मध्ये तो नागपूरच्या भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे. पुढे १८६१ पासून मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. १९५६ मध्ये नवं मध्य प्रदेश राज्य झालं तेव्हा राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूरला उच्च न्यायालय मिळालं. पण गाण्याबजावण्याच्या बाबतीत आमचा एक कान अजून नागपूरकडेच असतो.

ओमतीत आणखी एक गोष्ट आहे: जिल्हा रुग्णालय, ज्याला लोक अजून व्हिक्टोरियाच म्हणतात. ते लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

रॉटरडॅमची पोरं

ट्रकवरचा तो फाटलेला, छातीत बसणारा ठोका जगात आणखी कुठे सापडतो? त्यासाठी थेट नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला जावं लागेल.

रॉटरडॅम हे बंदराचं, कामगारांचं गाव. १९४० च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बफेकीत त्याचा मध्यभाग जमीनदोस्त झाला होता. शेजारच्या आम्स्टरडॅमला कला, पर्यटक, फॅशन. त्या शहराचा रॉटरडॅमच्या पोरांना राग. १९९२ मध्ये तिथल्या ‘युरोमास्टर्स’ने जी रेकॉर्ड काढली तिच्या नावाचा अर्थच असा, की आम्स्टरडॅम? ते कुठे आलं बुवा? जबलपूरवाल्याला भोपाळबद्दल काय वाटतं हे ज्याला माहीत आहे, त्याला ही भावना समजावून सांगायला नको.

या संगीताला ‘गॅबर’ म्हणतात. हा आम्स्टरडॅमच्या बोलीतला शब्द, मूळ यिडिश आणि हिब्रूतून आलेला. अर्थ दोस्त, यार. त्याची कृती सोपी. रोलँड कंपनीच्या टीआर-९०९ या ताल-यंत्रातला ढोलाचा ठोका घ्यायचा आणि तो इतका चढवायचा की फाटला पाहिजे. फाटला की त्यातून सूर निघतो. मग तोच ठोका मिनिटाला १६० ते २०० वेळा मारायचा. फ्रँकफर्टच्या मार्क अकार्डिपाने याने १९९० च्या सुमारास ‘वी हॅव अराइव्हड’ या रेकॉर्डमध्ये ही वाट दाखवली होती. रॉटरडॅमच्या पॉल एल्स्टाकने १९९२ मध्ये रॉटरडॅम रेकॉर्ड्स काढून तिचा हमरस्ता केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हेरेनवेनच्या बर्फावरच्या स्केटिंगच्या मोठ्या सभागृहात ‘थंडरडोम’चा पहिला जलसा झाला.

पुढे याच्या शाखा फुटल्या. गोड चाली घातल्या तो हॅपी हार्डकोर. वेग आणखी वाढवून चालच काढून टाकली तो स्पीडकोर. २००० च्या आसपास वेग दीडशेपर्यंत उतरवून ठोक्यामागे लांब, उलटी गुंजन ठेवली तो हार्डस्टाईल. या सगळ्यांना मिळून ‘हार्ड डान्स’ म्हणतात. चाहत्याला यातला फरक दोन ठोक्यांत कळतो. बाहेरच्याला सगळं सारखंच वाटतं. ख्याल न ऐकणाऱ्याला सगळे ख्याल सारखेच वाटतात, तसंच ते आहे.

गॅबरची पोरं डोकं तासायची, ट्रॅकसूट आणि हवेच्या गादीचे बूट घालायची, पाय झटकत ‘हाकन’ नावाचा नाच करायची. आणि भले लोक म्हणायचे: हे संगीत नव्हे.

एका जपानी कंपनीचे दोन फाटे

आता परत आपल्याकडे येऊ. रॉटरडॅमचं हे संगीत कुणी आणून ओमतीत ओतलं असं घडलेलं नाही. आपण आपल्याच वाटेने तिथे पोहोचलो. फक्त दोन्ही वाटांवर दुकान एकच होतं.

रोलँड ही कंपनी इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाकात काढली. तिचं टीआर-९०९ हे यंत्र १९८३ चं. ते युरोपच्या क्लबात गेलं. १९८५ मध्ये तिने ऑक्टापॅड काढलं: आठ रबरी चौकोन, काठीने मारा, हवा तो आवाज काढा. भारतातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी ते उचललं आणि तिथून ते रस्त्यावर आलं.

मधली एक हकिकत सांगायलाच हवी. १९८२ मध्ये मुंबईत चरणजीत सिंग या चित्रपटसृष्टीतल्या वादकाने रोलँडचीच तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. रेकॉर्ड फारशी खपली नाही. ती एका डच संग्राहकाला सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि युरोपातले जाणकार चकित झाले. ज्या ‘अ‍ॅसिड हाऊस’चा जन्म ते शिकागोत मानत होते, त्याचा नाद इथे आधीच वाजून गेला होता. पण चरणजीत सिंग यांचा प्रयोग स्टुडिओत राहिला. रस्त्यावर जे घडलं ते धुमालमधून.

नागपूर, गोंदिया, बालाघाट, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर या पट्ट्यातल्या श्रोत्यांना धुमाल सांगायला नको. इतरांसाठी: गाडीवर बेंजो, कीबोर्ड, ऑक्टापॅड, सोबत ढोल-ताशे, सगळं स्पीकरला जोडलेलं. नागपुरात याला संदलही म्हणतात. संदल म्हणजे उरुसात दर्ग्यावर चंदन चढवायला निघणारी मिरवणूक. मिरवणुकीचं नाव वाद्यमेळाला चिकटलं, आणि आता गणपतीपुढेही संदल वाजतं, लग्नातही आणि भीमजयंतीलाही. एका शब्दात नागपूरच्या गल्लीतलं येणं-जाणं साठलेलं आहे.

यातला बेंजोही बघा. हे बुलबुल तरंग, तारा आणि टाइपरायटरसारख्या कळा. मूळचं हे जपानचं ताइशोगोतो, १९१२ मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी बनवलेलं. म्हणजे धुमालचा गळा जपानी, हात जपानी, आणि तरी ते इतकं आपलं की ‘परदेशी’ म्हणायची कुणाची छाती होत नाही. परंपरा म्हणजे काय, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

बेल्जियमचं सॉफ्टवेअर, ओमतीचा पेनड्राइव्ह

गाडीवरच्या वादकांना मागे सारलं संगणकाने. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीने १९९७ च्या शेवटी फ्रूटी लूप्स नावाचं छोटं सॉफ्टवेअर काढलं; आज ते एफएल स्टुडिओ म्हणून ओळखलं जातं. आपल्याकडे त्याच्या चोरट्या प्रती गल्लोगल्ली पोहोचल्या. त्यासोबत फाटलेल्या ठोक्यांचे, भोंग्यांचे तयार नमुने आले. इथे मात्र रॉटरडॅम आणि ओमती खरोखर भेटले. हार्डस्टाईल हे नाव कधी न ऐकलेल्या मुलाने त्याचाच ठोका उचलून देवीच्या गाण्याखाली घातला.

२०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि या मिक्सना बाजार मिळाला. नावं ऐका: कॉम्पिटिशन मिक्स, व्हायब्रेशन मिक्स, डायलॉग मिक्स, धुमाल मिक्स, हलगी मिक्स, संबळ मिक्स. या शाखाच आहेत. व्हायब्रेशन मिक्समध्ये गाणं जवळजवळ नसतंच, समोरच्या गाडीचे स्पीकर हरवायला केलेले खोल सूर असतात. हलगी मिक्समध्ये महाराष्ट्राची हलगी कापून, घट्ट करून यंत्राच्या ठोक्यावर बसवलेली असते. मधेच बनवणाऱ्याचं नाव घुमतं, म्हणजे दुसऱ्याने चोरू नये.

दसऱ्याच्या चल समारोहात, इथे मिरवणुकीला चल समारोह म्हणतात, दोन गाड्या समोरासमोर येतात तेव्हा मी कडेला उभा राहून पोरांचं बोलणं ऐकतो. कुठल्या गाडीचा बेस कोरडा आहे, कुणाचे टॉप चिरकतात, कुणाचा ठोका उशिरा सुटतो, यावर त्यांची चर्चा चालते. यातल्या कितीतरी जणांनी संगीताच्या वर्गाचं दार पाहिलेलं नाही. पण हा कान तयार झालेला कान आहे. जमैकात १९५० च्या दशकापासून असेच साउंड सिस्टिमचे सामने होतात आणि त्यांतून जगाला रेगे-डब मिळालं. तिथे त्यावर ग्रंथ लिहिले गेले. आपल्याकडे फक्त पोलीस पंचनामे लिहिले जातात.

कानाचा हिशेब

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजू मऊ करून सांगणार नाही.

कामगारांच्या आरोग्यासाठी वापरला जाणारा हिशेब असा: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. गाडीपुढे पोरगा चार-पाच तास नाचतो. जनरेटरशेजारी बसणारा आणि स्पीकर चढवणारा तर सगळा हंगाम तिथेच असतो. आतल्या कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ज्या कानाचं मी आत्ता कौतुक केलं, तोच आधी जातो.

आणि खोल आवाज अडत नाही. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे सात मीटर, आमच्या कितीतरी गल्ल्यांच्या रुंदीहून जास्त. खिडकी लावून तो थांबत नाही. भिंतच त्याच्याबरोबर हलते.

कायदा तयार आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये हे आणखी घट्ट केलं. मध्य प्रदेशात १३ डिसेंबर २०२३ ला शपथ घेतल्याबरोबर मुख्यमंत्री मोहन यादव यांनी काढलेला पहिला आदेश ध्वनिक्षेपकांबद्दलचाच होता. डीजेच्या आवाजाबद्दल जनहित याचिका इथल्याच उच्च न्यायालयात झाल्या आहेत. आणि ओमतीत रुग्णालय रस्त्याला लागून आहे. आतल्या खाटेवरच्या माणसाला कुठला मिक्स कोरडा आणि कुठला ओला याच्याशी काही घेणं नसतं.

एक धोका आणखी. डायलॉग मिक्समध्ये कधीकधी दुसऱ्या धर्माला डिवचणारी वाक्यं घालतात आणि नेमकी त्यांच्या वस्तीसमोर वाजवतात. गॅबरलाही हे भोगावं लागलं. तासलेली डोकी बघून वंशद्वेष्टे त्यात शिरले. तेव्हा निर्मात्यांनीच वंशद्वेषाविरुद्ध रेकॉर्ड काढल्या आणि आपल्या पोरांना सांगितलं, हे आपलं नाही. ते पोलिसांना सांगून होत नाही. ज्याच्या ठोक्यावर पोरं नाचतात त्यानेच ते सांगावं लागतं.

बंदी आणि मोकळीक यांच्या मधे

डच लोकांनी पुढे काय केलं? हार्डस्टाईलचा सगळ्यात मोठा उत्सव डेफकॉन.१, २००३ मध्ये सुरू झाला. आज तो बिडिंगहाउझेनला भरतो, समुद्र हटवून केलेल्या मोकळ्या जमिनीवर. आयोजकांनी सरकारशी करार केला: पंधरा मिनिटांची सरासरी १०३ डेसिबलच्या वर नाही, आणि कानात घालायची बोंडं मिळतील अशी सोय. १०३ हेही फार झालं, वरचा हिशेब तेच सांगतो. पण आकडा ठरला, तो मोजला जातो, आणि कान वाचवणं हा भित्रेपणा मानला जात नाही. थंडरडोमला २०१७ मध्ये पंचवीस वर्षं झाली तेव्हा उट्रेख्टच्या जलशाला जुने गॅबर आपली मोठी मुलं घेऊन आले.

आपण या पोरांना दोनच गोष्टी देतो: वर्षातले दहा दिवस डोळेझाक, आणि उरलेले दिवस शिव्या. मैदान देत नाही, मीटर देत नाही, इतिहास तर नाहीच. ज्याला मैदान नाही तो गल्लीतच वाजवणार, आणि गल्लीत रुग्णालय आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच: रुग्णालयासमोर तो ट्रक थांबलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण तो थांबवताना ‘हे संगीतच नाही’ असं म्हणू नका. ते खोटं आहे, आणि खोटं ऐकून कुणी आवाज कमी करत नाही.

तुमच्या गावात या भिंतीला काय म्हणतात, डीजे, डॉल्बी, संदल की आणखी काही, ते मला जरूर कळवा. शब्द जमवले तर या संगीताचा नकाशा तयार होईल, आणि तो अजून कुणी काढलेला माझ्या पाहण्यात नाही.

भेटू पुढच्या भागात. कान सांभाळा.