दित्त घरी परतला

ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचा विषय निघाला, की आपल्याला परदेशी मिशनरी आठवतात. त्यांच्या शाळा, दवाखाने आणि छापखाने यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण शुभवर्तमान खेड्यातल्या वस्तीत नेले ते बहुतेक वेळा तिथल्याच माणसांनी. सियालकोट जिल्ह्यातला दित्त हा त्यांपैकी एक. हा जिल्हा आज पाकिस्तानात आहे.

त्या काळी बाप्तिस्मा घेणे म्हणजे बहुधा घराला मुकणे. जात वाळीत टाकी, नातेवाईक दार लावून घेत आणि नवा ख्रिस्ती मिशनच्या आसऱ्याला जाई. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंशी त्यांची झालेली ताटातूट ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांना ठाऊकच आहे. असा माणूस आपल्या लोकांपासून तुटला, की त्याचे ऐकायला मागे कोणी उरत नसे.

दित्त एका पायाने अधू होता. कातडी विकत घेऊन विकणे हा त्याचा धंदा. झाडलोटीची आणि मेलेली जनावरे ओढण्याची कामे जिच्या माथी मारलेली होती, त्या ‘चुहडा’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या जातीत तो जन्मला. नत्तू नावाच्या जाट ख्रिस्ती तरुणाकडून त्याने येशूविषयी ऐकले आणि जून १८७३ मध्ये अमेरिकन मिशनरी सॅम्युएल मार्टिन यांच्याकडे बाप्तिस्मा मागितला. शिकवणीसाठी त्याने काही दिवस थांबावे, असे मार्टिन यांना वाटत होते. नकार देण्याजोगे कारण मात्र त्यांना सापडेना. बाप्तिस्मा झाला आणि दित्त लगेच घरी निघाला.

घरच्यांनी त्याला सुनावले, आता साहेब झालास, आमच्यात कशाला आलास? पण तो गाव सोडून गेला नाही. दोन महिन्यांनी बायको, मुलगी आणि दोन शेजारी यांना घेऊन तो सुमारे ३० मैल चालत सियालकोटला आला. बाप्तिस्मा घेऊन तेही आपल्या गावी परतले. कातडी गोळा करायला गावोगाव फिरताना दित्त तिथल्या जातभाईंना आपली गोष्ट सांगे. पुढे ती सोयऱ्याधायऱ्यांतून पसरत गेली. अकरा वर्षांत त्या टापूत ५०० हून अधिक लोक ख्रिस्ती झाले. १८८१ च्या जनगणनेत पंजाबातले देशी ख्रिस्ती चार हजारांच्या आत होते. १९११ मध्ये तिथल्या ख्रिस्ती लोकांची संख्या दीड लाखांवर गेली.

ही माणसे कशासाठी आली, यावर मिशनऱ्यांतही वाद झाले. जमीनदाराच्या जाचातून सुटका, मुलांना शाळा, माणूस म्हणून मान या आशा त्यात होत्याच. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. त्या सगळ्या पुऱ्या झाल्या नाहीत. पाकिस्तानातल्या शहरांत सफाईचे काम आजही मोठ्या प्रमाणावर याच समाजाकडे आहे.

पण गावकुसाबाहेरच्या या लोकांनी आपल्याच माणसांमध्ये राहून आपला धर्म स्वतः निवडला. ती निवड दित्तने घरी नेली होती, म्हणूनच त्यांच्यापर्यंत पोचली.