बांधविणारा आणि बांधणारा : वऱ्हाडातील मशिदी व आधुनिक वास्तुपारितोषिके

मराठीत ‘बांधणे’ आणि ‘बांधविणे’ ही दोन क्रियापदे आहेत. इतिहासलेखनात मात्र त्यांतील भेद बहुधा पाळला जात नाही. रोहिणखेडची मशीद खुदावंतखान महदवी याने १५८२ मध्ये ‘बांधली’ असे सर्रास लिहिले जाते. वस्तुतः ती त्याने बांधविली. प्रत्यक्ष बांधणारा कोण, तो कोठला, त्याने ही विद्या कोणाजवळ संपादन केली, या प्रश्नांची उत्तरे वऱ्हाडच्या मध्ययुगीन वास्तूंविषयी सहसा मिळत नाहीत. ही उणीव केवळ आपल्याकडील नव्हे. परंतु गेल्या अर्धशतकात मशिदींच्या नव्या वास्तुकलेस जी आंतरराष्ट्रीय पारितोषिके मिळू लागली, त्यांनी ही उणीव विशेषत्वाने उघडी पाडली आहे; म्हणून त्या पारितोषिकांच्या संदर्भात वऱ्हाडच्या साधनांकडे पुन्हा पाहणे उपयुक्त ठरेल.

वऱ्हाडातील लेखांचा साचा ठरलेला आहे. प्रथम धर्मवचन, मग सुलतानाचे नाव, मग बांधविणाऱ्या सरदाराचे नाव आणि शेवटी हिजरी साल, असा तो साधारणतः असतो. अकोट तालुक्यातील नरनाळ्याचा महाकाली दरवाजा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. १४८७ चा हा दरवाजा बहमनी सुलतान महमूदशहाच्या कारकिर्दीत फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क याने उभारविला. त्यावर कुराणातील वचने आहेत आणि बहमनी राजांची नामावळीही आहे. अक्षरे इतकी डौलदार की ती कोरणारा हात सामान्य नव्हता हे कोणासही पटावे. परंतु त्या हाताचे नाव तेथे नाही. याच गडावरील जामा मशीद महाबतखानाने १५०९ मध्ये उभारविल्याचा अरबी लेख तिच्यावर होता असे सांगितले जाते. म्हणजे बांधविणाऱ्याचे नावदेखील येथे परंपरेच्या आधारावरच टिकले आहे.

शिलालेख हा तत्कालीन मानपत्राचाच प्रकार होता, आणि मानपत्र जसे खर्च करणाऱ्यास मिळते तसेच तेही मिळे. गाविलगडच्या बहराम बुरुजावर १५७७ च्या लेखात किल्लेदार बहरामखानाचे नाव आले, ते याच न्यायाने. अकोल्याच्या असदगडाची कथा तर याहून बोलकी आहे. कोटाच्या एका लेखात औरंगजेबाचा वजीर असदखान याचे नाव येते. १६९७ च्या सुमाराचे बांधकाम ख्वाजा अब्दुल लतीफ याच्या नावावर आहे. आणि आगरवेशीवरील लेख हेच श्रेय १८४३ चा निर्देश करून गोविंद आप्पाजीस देतो. एका कोटावर असे तीन दावेदार. ज्यांनी दगड वाहिले आणि घडविले त्यांचा दावा मात्र कोठेच नाही.

आता आधुनिक पारितोषिकांकडे वळू. आगाखान वास्तुकला पारितोषिकाची स्थापना १९७७ मध्ये झाली आणि ते प्रथम १९८० मध्ये देण्यात आले. दर तीन वर्षांनी ते दिले जाते. ते केवळ मशिदींसाठी नाही. वसाहती, शाळा, जीर्णोद्धार यांचाही त्यात विचार होतो. केवळ मशिदींच्या वास्तुकलेसाठी म्हणून २०११ मध्ये सौदी अरेबियात अब्दुल्लतीफ अल् फौझान यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पहिल्याचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. त्यात परीक्षकांपुढे केवळ नकाशे व छायाचित्रे ठेवली जात नाहीत; तज्ज्ञ प्रत्यक्ष स्थळी जाऊन पाहणी करतात. आणि पारितोषिकाची रक्कम वास्तुशिल्पज्ञ, गवंडी, कारागीर व बांधविणारा यांत वाटून देण्याची प्रथा आहे.

या प्रथेचा परिणाम पाहण्यासारखा आहे. १९८३ मध्ये माली देशातील नियोनो येथील मातीच्या मशिदीस हे पारितोषिक मिळाले आणि तिचा गवंडी लासिने मिंता याचे नाव जगास कळले. १९८६ मध्ये नायजर देशातील यामा या खेड्याच्या मशिदीचा गौरव झाला. तिचा कर्ता फाल्के बार्मू. (हे नाव वाचून मराठी वाचक क्षणभर थबकेल, पण तो त्या खेड्याचाच गवंडी होता.) गावकऱ्यांनी १९६२ मध्ये कच्च्या विटांची साधी मशीद उभारली, पुढे तिच्यात घुमट व मनोरे यांची भर पडत गेली. कागदावर नकाशा न काढता वास्तू कशी वाढत जाते याचा हा पुरावा आपल्या मध्ययुगाचा विचार करतानाही मोलाचा आहे.

त्याच वर्षी पाकिस्तानातील भोंग येथील मशिदीसही पारितोषिक मिळाले. रईस गाझी महंमद या जमीनदाराने १९३२ पासून पन्नास वर्षे ती बांधविली. संगमरवर, आरसे, रंगीत फरशा, सिमेंट या सर्वांची तेथे रेलचेल आहे. परीक्षकांत तीव्र मतभेद झाले. विद्वानांस जे भडक वाटते ते लोकांस प्रिय असते, तेव्हा गौरव कशाचा करावयाचा, हा तो वाद होता. आपल्या खेड्यांतील मशिदी व देवळे यांच्या रंगरंगोटीस नाके मुरडणाऱ्या अभ्यासकाने तो अवश्य ध्यानात घ्यावा. याउलट २०१६ मध्ये ढाक्याच्या बैत-उर्-रौफ मशिदीस गौरविले गेले, तेव्हा तिला ना घुमट होता ना मनार. मरीना तबस्सुम यांनी आजीने दिलेल्या जागेवर, लोकवर्गणीच्या आधारे, ती साध्या विटेत उभी केली. छतातील गोल छिद्रांतून उतरणारा प्रकाश हाच तिचा अलंकार. घुमट व मनार ही मशिदीची आवश्यक अंगे नव्हेत, हा मुद्दा ग्रंथांत पूर्वीपासून होता; तो येथे विटांत दिसला.

महाराष्ट्रातील एकही मशीद या मालिकेत नाही. परंतु वऱ्हाडला लागून असलेल्या खानदेशात, चोपडे तालुक्यात, नॉर्वेच्या दोन तरुण वास्तुशिल्पज्ञांनी बांधलेल्या कुष्ठरुग्णालयास १९९८ मध्ये आगाखान पारितोषिक मिळाले. स्थानिक दगड आणि स्थानिक गवंड्यांचे कसब यांवर ती वास्तू उभी आहे. म्हणजे या प्रदेशातील हाताची योग्यता जगाच्या नजरेस आलीच नाही असे नाही.

तीच योग्यता चारशे-पाचशे वर्षांपूर्वी येथे कोणत्या परंपरेतून आली, हा खरा प्रश्न आहे. गाविलगडचा किल्ला फिरिश्त्याच्या मते अहमदशहा बहमनीने १४२५ च्या सुमारास बांधविला आणि १४८८ मध्ये फत्तेउल्लाने त्याची दुरुस्ती करविली. गडावरील मोठ्या मशिदीची सात कमानींची दर्शनी बाजू, रुंद छज्जे आणि दगडी जाळीकाम पाहिले म्हणजे येथील कारागीर केवळ दिल्लीचे नमुने गिरवीत नव्हते हे उमगते. त्याच गडाच्या दिल्ली दरवाजावर सिंह व द्विमुखी गंडभेरुंड कोरलेले आहेत. फत्तेउल्ला हा मूळचा विजयनगरच्या राज्यातील ब्राह्मण कुळात जन्मलेला, बालपणी कैद होऊन बहमनी सेवेत आलेला. त्यामुळे हे चिन्ह त्याने सांगून कोरविले असे अनुमान केले जाते. ते अनुमान ग्राह्य असले तरी पुरेसे नाही. आज्ञा देणाऱ्याने चिन्ह सांगितले असेल. ते सफाईने उतरविणारा पाथरवट तयार असावा लागतो, आणि अशी तयारी एका पिढीत होत नाही. मशीद व मंदिर यांच्या शैलींची वेगवेगळी प्रकरणे पाडण्याची आपली सवय येथे आड येते. एकच पाथरवट-घराणे दोन्हीकडे राबले असेल, तर ते दोन्ही प्रकरणांतून निसटून जाते.

या दृष्टीने बुलढाणा जिल्ह्यातील दोन मशिदींची तुलना व्हावयास हवी. १५७४ मध्ये इमादशाही संपून वऱ्हाड निजामशाहीत गेल्यानंतर खुदावंतखानाने साखरखेर्डे येथे १५८१ मध्ये आणि रोहिणखेड येथे १५८२ मध्ये, अशा दोन मशिदी उभारविल्या. साखरखेर्डे म्हणजे १७२४ च्या लढाईनंतर निजामाने ज्यास फतेहखेर्डा हे नाव दिले तेच गाव. दोन्ही वास्तूंतील निकट साम्याची नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे. परंतु ते साम्य बांधविणाऱ्याच्या आवडीचे, की एकाच टोळीच्या हातोटीचे, याचा निवाडा लेखांवरून होणार नाही. त्यासाठी कमानींची मापे, सांध्यांची घडण, छज्ज्याखालील हस्तांचे साचे आणि दगडांवर पाथरवटांच्या खुणा असल्यास त्या, असे सर्व एकाच पद्धतीने नोंदवून दोन्ही ठिकाणचे आराखडे शेजारी ठेवावे लागतील. या कामास फारसा द्रव्यव्यय लागणार नाही. दोन-तीन विद्यार्थी आणि एक उन्हाळा पुरेल.