झुमरी तलैयाची पोस्टकार्डे

फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमांत झुमरी तलैयाचे नाव इतक्यांदा येई, की असे गाव मुळात नाहीच, अशी अनेकांची समजूत झाली होती. गाव खरे आहे. आजच्या झारखंडातल्या कोडरमा जिल्ह्यातले, अभ्रकाच्या खाणींवर वाढलेले. रेडिओच्या व्हॉल्व्हला आणि कपॅसिटरला अभ्रक लागे, हा योगही लक्षात ठेवण्याजोगा. तिथून निघणारी पोस्टकार्डे रिकामटेकड्यांचा छंद म्हणून हसण्यावारी नेली गेली. मला ती सरकारी धोरणाला श्रोत्यांनी दिलेले उत्तर वाटतात. १९५२ मध्ये नभोवाणी खाते हाती आल्यावर बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार केली. श्रोत्यांनी रेडिओचा काटा कोलंबोकडे फिरवला. महायुद्धात लष्करासाठी उभारलेले शक्तिशाली प्रक्षेपण-केंद्र रेडिओ सिलोनकडे आले होते आणि डिसेंबर १९५२ पासून त्यावर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पत्रांचे ढीग पडू लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, ती या ओढ्याला शरण जाऊनच.

केसकरांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. संस्थाने गेल्यावर पोरक्या झालेल्या गवयांना आकाशवाणीने आधार दिला, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम घराघरांत नेला; हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण चांगले ऐकवण्यासाठी आवडते बंद करावे लागत नाही, आणि त्यांची चूक नेमकी इथे झाली. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे : पत्रे लिहिणारे तेच ते होते, श्रोता संघ करून गठ्ठ्याने कार्डे टाकत, मग त्यांना जनतेचा कौल कसे म्हणायचे? कौल म्हणून ती कच्चीच. गीतमालेची क्रमवारीसुद्धा केवळ पत्रांवर नव्हे, रेकॉर्डच्या खपावरही ठरे. पण कार्डांवरचा मजकूर पाहावा. मागितलेले गाणे बहुधा आधीच रोज वाजत असे; ते ऐकायला पत्राची गरज नव्हती. तरीही कार्डावर घरातल्या सगळ्यांची, मित्रांची नावे आणि शेवटी गावाचे नाव असे. मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’मध्येही गाण्याआधी अशीच नावांची माळ ऐकू येई. काय ऐकायचे हे दिल्लीत ठरत असताना, ऐकणारे कोण आहेत हे या माणसांनी निवेदकाच्या तोंडून देशाला सांगायला लावले.