डोळ्यात उडालेलं ॲसिड आणि मुंबईची ‘सुहैली’

आमच्या घरी जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी आहे आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम माझ्याकडे. मागच्या महिन्यात झाकण काढून वाकून आत बघत होतो, तेवढ्यात बाबा ओरडले, "अरे, तोंड बाजूला कर!" मला हसूच आलं. लाइट गेल्यावर पंखा फिरवणाऱ्या खोक्याला काय घाबरायचं? मग या भागासाठी वाचायला बसलो आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची गोष्ट सापडली.

हा रॉबिन इंग्रज, पण त्याची बोट आपल्या मुंबईची. मर्चंट नेव्हीतल्या नोकरीमुळे तो इथे असायचा. त्याने इथल्या कारागिरांकडून सागवानी शिडाची बोट बांधून घेतली. १९६४ साली ती पाण्यात उतरली. लांबी जेमतेम ३२ फूट. नाव ‘सुहैली’, इराणच्या आखातातल्या आग्नेय वाऱ्याचं अरबी नाव. १४ जून १९६८ ला, २९ वर्षांचा असताना, तो ती घेऊन इंग्लंडमधल्या फालमथ बंदरातून निघाला. कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. ही गोल्डन ग्लोब शर्यत. नऊ जण निघाले होते.

दक्षिण महासागरात एके दिवशी तो बॅटरी तपासत होता. आपल्याकडचे मेकॅनिक ‘ग्रॅव्हिटी बघतो’ म्हणतात ना, तेच. रबरी फुग्याच्या काचेच्या नळीत बॅटरीचं ॲसिड ओढून घ्यायचं आणि आतली तरंगती काडी किती वर येते ते वाचायचं. १.२६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली, १.१२ पर्यंत घसरला तर जवळपास रिकामी. जमिनीवर हे दोन मिनिटांचं काम. तिथे बोट हेलकावली आणि ॲसिड थेट डोळ्यात उडालं.

आता विचार करा. सगळ्यात जवळचा डॉक्टर शेकडो मैल लांब. त्याने डोळा धुतला, औषध घातलं. बंदराकडे वळलं तर शर्यत संपली. न वळलं तर कदाचित डोळा गेला. तो पुढेच गेला. नशिबाने डोळा वाचला. पण हा निर्णय ‘शूर’ म्हणून सांगायला मला जड जातं. साधा चष्मा लावला असता तर निर्णय घ्यायची वेळच आली नसती.

बरं, बॅटरी जपायची कशासाठी? मुख्यतः रेडिओसाठी. आणि एवढं करून त्या प्रवासात रेडिओचा ट्रान्समीटर बंदच पडला. चार्जिंगचं छोटं इंजिनही भिजलं. त्याच्या मॅग्नेटोची फट मोजायची पट्टी बोटीवर नव्हती. पठ्ठ्याने वही घेतली, एका इंचात किती पानं बसतात ते मोजलं. २०० पानं. म्हणजे एक पान इंचाचा दोनशेवा भाग. तेवढी पानं फटीत घालून माप जुळवलं!

नोव्हेंबरात न्यूझीलंडजवळ तो लोकांना दिसला, त्यानंतर साडेचार महिने जगाला त्याचा पत्ताच नव्हता. ६ एप्रिल १९६९ ला अझोर्स बेटांच्या पश्चिमेला एका तेलवाहू जहाजाने त्याला पाहिलं. २२ एप्रिलला, ३१२ दिवसांनी, तो फालमथला परतला. नऊ जणांपैकी पूर्ण करणारा एकटाच. का जमलं? ‘सुहैली’ विजेवर चालत नव्हती. दिशा सेक्स्टंटने, सुकाणू वाऱ्यावर चालणाऱ्या यंत्राने. तेही मोडलं तेव्हा शिडांचा तोल साधून बोट सरळ ठेवली. बॅटरी गेली तेव्हा त्याचा आवाज गेला, बोट नाही.

त्याच शर्यतीत डोनल्ड क्रोहर्स्ट होता, स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. त्याच्या बोटीत ठिकठिकाणी वायरी पसरलेल्या. बोट उलटली तर डोलकाठीच्या टोकावरची पिशवी आपोआप फुगावी, अशी योजना होती. पण निघताना अर्ध्या वायरी जोडलेल्याच नव्हत्या. नोव्हेंबरमध्ये कॉकपिटच्या जमिनीतलं झाकण गळायला लागलं आणि खालचा जनरेटर पाण्यात गेला. वीज गेली म्हणजे त्याचं जवळपास सगळंच गेलं. जनरेटर नंतर चालू झाला, पण पुढे त्याने रेडिओवरून खोटे ठावठिकाणे कळवायचा मार्ग धरला. जुलै १९६९ मध्ये त्याची बोट सापडली, तो नव्हता. त्याचा शेवट बॅटरीने केला असं मी म्हणत नाही. पण जनरेटर सगळ्यात गळक्या कोपऱ्यात ठेवायचा, हे मला अजून पचत नाही.

म्हणून बोटीसाठी बॅटरी निवडताना पहिला प्रश्न कंपनीचा नाही. वीज गेली तर काय काय बंद पडेल, हा आहे. मग हिशोब. समजा ऑटोपायलट सरासरी ४ अँपिअर खातो. २४ तासांचे झाले ९६ अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे फक्त एका दिवसासाठी २०० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, १२० पुरे. वजनही निम्म्याहून कमी. पण तिला तिच्याच मापाचा चार्जर लागतो. आतलं संरक्षक सर्किट बॅटरी अचानक तोडू शकतं आणि इंजिन चालू असताना तसं झालं तर अल्टरनेटर जळू शकतो. गाडीची बॅटरी उचलून बोटीत टाकू नका. तिच्या पातळ प्लेट्स क्षणभर स्टार्टर फिरवण्यासाठी असतात. रोज खोलवर रिकामी व्हायला जाड प्लेट्स लागतात, आपल्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत असतात तशा.

आणि जागा. १८५९ मध्ये गास्तों प्लांतेने फ्रान्समध्ये लेड-ॲसिड बॅटरी बनवली, तिचा एक स्वभाव आजही बदललेला नाही. चार्जिंगच्या शेवटी ती हायड्रोजन सोडते. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. आणि खारं पाणी आत शिरलं तर क्लोरीन. पाणबुड्यांतले खलाशी पहिल्या महायुद्धापासून या वायूला घाबरून असायचे. म्हणून पेटी पट्ट्यांनी घट्ट बांधलेली हवी, बोट उलटी झाली तरी न निसटणारी. वर हवा खेळती, तळाच्या पाण्यापासून उंच, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी. सीलबंद एजीएम घेतली तर पाणी घालायची कटकट नाही, पण जास्त चार्ज केली तर तीही वायू सोडतेच.

‘सुहैली’ची एक बहीण गोव्यात जन्मली. २०१८ च्या गोल्डन ग्लोबसाठी, जुन्या काळच्या साधनांनीच करायच्या शर्यतीसाठी, अभिलाष टॉमी यांनी ‘सुहैली’च्याच बांधणीची ‘थुरिया’ तिथे करून घेतली होती. २१ सप्टेंबरला ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर वादळाने ती उलटवली. डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीला मार लागला, उठता येईना. आणीबाणीच्या पिशवीतला सॅटेलाइट फोन हात पोहोचेल तिथे नव्हता. बाहेर निरोप गेले ते मुठीत मावणाऱ्या एका मेसेजिंग यंत्रातून. त्याची बॅटरी त्याच्याच पोटात, बोटीच्या वायरींशी संबंध नाही. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज तिथे पोहोचलं आणि टॉमी यांना स्ट्रेचरवरून उतरवून घेतलं.

काल पुन्हा जिन्याखाली गेलो होतो. बाबांचा जुना हेल्मेटचा काच-पडदा आता तिथेच खिळ्याला टांगलाय.