ठाकूरची विहीर आणि जालन्याचा हापसा

प्रेमचंदांची ‘ठाकुर का कुआँ’ ही कथा १९३२ साली प्रसिद्ध झाली. आजारी जोखूला तहान लागली आहे, आणि त्याच्या वस्तीच्या विहिरीत काहीतरी मरून पडल्याने पाण्याला दुर्गंधी सुटली आहे. त्याची बायको गंगी रात्रीच्या अंधारात ठाकूरच्या विहिरीवर जाते, घडा काठापर्यंत वर ओढते, आणि तेवढ्यात ठाकूरचे दार उघडते. दोर हातातून सुटतो, घडा पाण्यात कोसळतो. ती धावत घरी येते तो नवरा तेच घाण पाणी पीत असतो. कथा अवघ्या दोन-तीन पानांची. पण उत्तर भारतातील खेड्यात पाणी हे निसर्गाचे देणे नसून मालकीहक्काची आणि जातीची बाब होती, हे तिच्याइतके थेट फार थोड्या लेखनाने सांगितले असेल. प्रेमचंदांनी १९२७ पासून काही वर्षे लखनौच्या ‘माधुरी’ मासिकाच्या संपादनाचे काम केले, आणि १९३६ च्या एप्रिल महिन्यात याच शहरात भरलेल्या प्रगतिशील लेखकांच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. साहित्याच्या कसोट्या बदलण्याची भाषा तेथे झाली. विहिरीच्या काठावरची परिस्थिती बदलण्यास मात्र दुसऱ्याच दिशेने सुरुवात व्हायची होती, आणि त्या दिशेचा एक धागा लखनौपासून शेकडो मैलांवरच्या मराठी मुलखात, जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या आवारांत सापडतो.

लखनौला ख्रिस्ती मिशन नव्हते असे नाही. १८५७ च्या उठावाच्या आगेमागे अमेरिकन मेथॉडिस्टांनी अवधात बस्तान बसवले. इझाबेला थोबर्न यांनी १८७० मध्ये अमीनाबादेत सहा मुलींना घेऊन शाळा उघडली आणि तिचेच पुढे त्यांच्या नावाचे प्रसिद्ध महाविद्यालय झाले. शाळा, छापखाना, दवाखाना, प्रार्थनामंदिर ही तेथील मिशनची चौकट होती. गोमतीच्या काठी वसलेल्या आणि गाळाच्या मऊ जमिनीवर उभ्या असलेल्या या शहरात पाण्यासाठी खडक फोडण्याचा प्रसंग मिशनऱ्यांवर येण्याचे कारण नव्हते. दख्खनची गोष्ट वेगळी. येथे पाण्याचा प्रश्न काळ्या कातळाशी बांधलेला होता, आणि त्या कातळाइतक्याच कठीण अशा दुसऱ्या एका रचनेशीही.

त्या दुसऱ्या रचनेशी महाराष्ट्राने केलेल्या झुंजीचा इतिहास सर्वपरिचित आहे. महात्मा फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे असावेत असे त्यात म्हटले होते. तो कागदावरच राहतो असे दिसल्यावर २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या अनुयायांनी ओंजळीत घेतले. या परंपरेत मिशनचे स्थान कोणते, हा प्रश्न मराठी समीक्षेने बहुधा धर्मांतराच्या वादातच गुंडाळून ठेवला आहे. वास्तविक फुले १८४१ पासून काही वर्षे पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. हौदामागची प्रेरणा त्या शाळेची होती असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. फुल्यांची बंडखोरी त्यांची स्वतःची होती. परंतु सर्व जातींची मुले एका बाकावर बसतात हे दृश्य त्या शाळेने त्यांच्या डोळ्यांसमोर आणले, एवढे नाकारता येत नाही.

स्कॉटिश मिशनचे जालन्याशी असलेले नाते एका गाजलेल्या मराठी वादातून उगवले आहे. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला, तेव्हा बापाने न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. पुढचा पेच न्यायालयाबाहेरचा होता. परधर्मीयाच्या घरी ज्याने अन्नपाणी घेतले त्याला जातीत परत घेता येते काय? बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपतच्या शुद्धीचा पक्ष घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. बाप्तिस्मा झालेला नव्हता. भ्रष्टता ठरली ती ताटात आणि तांब्यात. पुढे रेव्हरंड झालेल्या नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जालना येथे मिशनचे ठाणे उभारले आणि जवळच बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. त्यांच्या मंडळीत मांग समाजातून आलेल्यांचा भरणा मोठा होता. तांब्याभर पाण्यावरून ज्याच्या घरात वादळ उठले, त्या माणसाने गावकुसाबाहेरच्या लोकांसाठी गाव वसवावे, ही घटना कादंबरीकाराच्या हाती लागावयास हवी होती.

या घटनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी जालन्याचे नाव पाण्याच्या इतिहासात येते. १९६६-६७ मध्ये बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात भीषण अवर्षण पडले. विहिरी आटल्या, आणि कठीण खडकाखालचे पाणी काढण्याचे साधन सरकारी यंत्रणेकडे जवळजवळ नव्हते. पहारीने आणि सुरुंगाने विहीर खोदावयास महिने लागत. दाबलेल्या हवेच्या जोरावर खडकातच हातोडा चालवणारी नवी खोदयंत्रे मात्र एक-दोन दिवसांत चार-सहा इंच रुंदीचे भोक शे-दीडशे फूट खाली नेऊ शकत. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने, म्हणजे युनिसेफने, अशी यंत्रे १९६७ मध्ये विमानाने भारतात आणली. महाराष्ट्रातील काही मिशन-संस्थांनी, त्यांत जालन्याच्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने, या पद्धतीचा अनुभव आधीच घेण्यास सुरुवात केली होती. १९७२ च्या दुष्काळानंतर तर बोअरिंगची गाडी हे मराठी खेड्यातील ओळखीचे दृश्य झाले.

पण भोक पाडणे आणि पाणी देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे लवकरच ध्यानी आले. बोअरवर बसवलेले पंप बिडाचे होते. युरोप-अमेरिकेतील शेतावरच्या एका कुटुंबासाठी कधी काळी आखलेल्या नमुन्यांच्या त्या नकला होत्या. तेथे दिवसाकाठी दहा-पाच बादल्या पाणी निघे. येथे पहाटेपासून रात्रीपर्यंत दोनशे-तीनशे माणसांची रांग. दांड्याच्या खिळी झिजत, बीड तडकत असे, आणि आतली सळई तिरपी ओढली गेल्याने सांधे निखळत. युनिसेफने १९७४ च्या सुमारास पाहणी केली तेव्हा दर चार पंपांपैकी तीन बंद आढळले. कोट्यवधी रुपयांची भोके जमिनीत होती आणि बायका पुन्हा जुन्या आडावर, बारवेवर जात होत्या.

या बिघाडावरचा उतारा प्रथम मोठ्या प्रयोगशाळेत निघाला नाही. जालना येथील मिशनच्या कामशाळेत बिडाऐवजी पोलाद वापरून, अनेक खिळींऐवजी एकाच आसावर दांडा झुलवणारा पंप तयार झाला. जालना, जालवाड आणि सोलापूर अशी त्याच्या सुधारत गेलेल्या रूपांची नावे पंपांच्या इतिहासात नोंदली गेली आहेत. सोलापूरच्या पंपात दांड्याच्या टोकाशी वर्तुळखंडाच्या आकाराचा भाग आणि त्यावरून जाणारी साखळी होती. दांडा कसाही हलवला तरी साखळी सळईला सरळ उभीच ओढते; मोटेचा नाडा चाकावरून जातो त्यातलेच हे तत्त्व. दट्ट्या खाली जाताना सळईच्या वजनानेच जातो. रचना इतकी साधी की तिला शोध म्हणावयास विद्वानांना संकोच वाटावा.

तो शोध कोणाचा? एका परंपरेनुसार सोलापूर येथे काम करणारे स्वीडिश ऑस्कर कार्लसन यांचा. दुसऱ्या नोंदींत तो एका ‘स्वशिक्षित भारतीय कारागिरा’चा म्हणून येतो, कारागिराचे नाव तेथे दिलेले नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. कामशाळेत एकजण रेखाटतो, दुसरा जोडतो, तिसरा तो जोड का टिकणार नाही हे सांगतो. पण मिशनच्या इतिहासलेखनाची एक सवय येथे उघडी पडते. परदेशी माणसाचे नाव, गाव आणि देश राहतो. देशी माणसाचा केवळ गुण राहतो. हीच सवय भाषांतरित बायबलाच्या आणि कोशांच्या इतिहासातही दिसते. मोल्सवर्थच्या कोशामागच्या शास्त्रीमंडळींची आठवण किती अभ्यासकांना असते?

पुढचा प्रवास सरकारी आणि आंतरराष्ट्रीय आहे, आणि तो थोडक्यात सांगता येतो. सोलापूरचा नमुना पायाभूत धरून युनिसेफ, मद्रासची संशोधनसंस्था मेराडो आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी मालकीची कंपनी यांनी नवा पंप आखला, कोइमतूरच्या परिसरात १९७६-७७ मध्ये तो कसून तपासला, आणि लगोलग कारखानदारी उत्पादन सुरू झाले. नाव ठेवले ‘इंडिया मार्क दोन’. १९७९ मध्ये ९३०१ या क्रमांकाचे भारतीय मानक त्यासाठी निघाले. त्याच्यावर कोणाचे एकस्व नाही. आराखडा सर्वांना मोकळा ठेवण्यात आला, म्हणूनच तो आफ्रिकेतील अनेक देशांत पोचला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभर असे सुमारे ५० लाख पंप बसले होते. मिशनच्या आवारात जन्मलेल्या वस्तूवरची मिशनची खूण या वाटेत पूर्णपणे पुसली गेली. ज्यांनी ती घडवली त्यांची याविषयी तक्रार असल्याचे ऐकिवात नाही.

लखनौचा संबंध येथे येतो. १९७५ च्या कायद्याने उत्तर प्रदेश जल निगम स्थापन झाला आणि त्याचे मुख्यालय लखनौला आले. देशातील सर्वांत मोठ्या हातपंप-कार्यक्रमांपैकी एक याच कार्यालयातून चालला. अवधच्या, पूर्वांचलाच्या, बुंदेलखंडाच्या बोलीत या पंपाचे नाव ‘इंडिया मार्का’ असे रुळले. मराठीने त्याला ‘हापसा’ म्हटले. आमदारांच्या शिफारशीने हापसे वाटले जाऊ लागले, आणि मग तो कोणाच्या दारासमोर बसतो यावरून गावाच्या सत्तेचा नकाशा वाचता येऊ लागला. ठाकूरच्या विहिरीची जागा ठाकूरच्या अंगणातल्या सरकारी हापशाने घ्यावी, हे अनेक गावांत घडले.

तरीही विहीर आणि हापसा यांत एक मूलभूत फरक आहे. विहिरीचे पाणी हा उघडा, सामायिक साठा. एकाचा दोर, एकाचा पोहरा त्यात बुडाला की सारे पाणी ‘बाटते’. हापशाचे पाणी बंद नळातून थेट भांड्यात पडते. विटाळाला बसावयास तेथे पाणी मिळत नाही, फक्त दांडा मिळतो. आणि दांडा धुऊन घेण्याची चाल काही गावांत पडलीच! रूढी किती चिवट असते आणि यंत्राने तिला किती आक्रसून टाकले, या दोन्ही गोष्टी त्या धुतलेल्या दांड्यात एकत्र दिसतात. आरोग्याचा लाभ मात्र वादातीत आहे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याने पसरणारा नारू भारतातून गेला, शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला, आणि २००० साली देश नारूमुक्त घोषित झाला. त्यात बंदिस्त पाणवठ्यांचा वाटा मोठा होता. गोरखपूरकडे मेंदूज्वराच्या साथींनंतर उथळ घरगुती नळांना लाल रंग फासून ते निषिद्ध ठरवले गेले, तेव्हा सुरक्षित म्हणून बोट दाखवले गेले ते खोल ‘इंडिया मार्का’कडेच.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या यंत्राने पिण्याच्या पाण्यासाठी कातळ भेदला, त्याच यंत्राने पुढे उसासाठी आणि मोसंबीसाठी तो अनेकपट खोल भेदला. हापशाची पोच सुमारे दीडशे फुटांची. विजेच्या मोटारीला अशी मर्यादा नाही. भूजल खाली गेले आणि हापसे कोरडे पडले. २०१२-१३ च्या दुष्काळात खुद्द जालना शहराला टँकरवर दिवस काढावे लागले. बलियासारख्या जिल्ह्यांत हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक निघाले. मिशनच्या कामगारांना याचा दोष देणे अन्यायाचे होईल, पण सेवेचे साधन बाजाराच्या हाती गेल्यावर त्याचे काय होते हे या प्रदेशाने पाहिले आहे.

धर्मांतराचा आक्षेप येथे कितपत लागू पडतो? १८७६-७८ च्या दुष्काळात अहमदनगर भागातील अमेरिकन मराठी मिशनची मंडळी झपाट्याने वाढली, आणि भाकरीसाठी झालेले ख्रिस्ती असा उपहास तेव्हापासून चालत आला. त्यात तथ्याचा अंश आहे, तसाच उपाशी माणसाबद्दलचा तुच्छभावही आहे. हापशाच्या बाबतीत मात्र तो आक्षेप टिकत नाही. अन्नछत्रात कोण जेवला याची यादी ठेवता येते. रस्त्याकडेच्या हापशावर कोण पाणी प्याले, याची नोंद कोणी ठेवू शकत नाही.

या इतिहासाचा शेवटचा टप्पा पुन्हा उत्तर प्रदेशातच आहे. तेव्हाच्या बांदा जिल्ह्यातील माणिकपूर परिसर खडकाळ. तेथे हापसे बंद पडले की महिनोन्‌महिने बंदच राहत. १९८९ मध्ये सुरू झालेल्या महिला समाख्या कार्यक्रमाने १९९० नंतरच्या वर्षांत तेथील दलित आणि कोल स्त्रियांना हातपंप दुरुस्तीचे शिक्षण दिले. जड नळ उपसून काढणे, वायसर बदलणे, साखळी बसवणे ही कामे त्या करू लागल्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. कोणता पंप, कोणते गाव, कोणता सुटा भाग याची नोंद लिहावी लागे, म्हणून लिहावयास शिकवा अशी मागणी त्यांच्यातूनच पुढे आली. साक्षरता-शिबिरे भरली, त्यांतून ‘महिला डाकिया’ हे हस्तलिखित धाटणीचे पत्रक निघाले, आणि त्याच वाटेने २००२ साली चित्रकूटहून ‘खबर लहरिया’ हे बुंदेली वृत्तपत्र सुरू झाले. त्याच्या बातमीदार खेड्यांतल्या स्त्रिया होत्या, आणि कोणत्या वस्तीतला हापसा किती दिवस बंद आहे, ही त्या पत्राची नेहमीची बातमी असे.