रक्तपरीक्षा व रक्तनमुना

रक्तातील पेशींची संख्या, आकार व कार्य आणि रक्त गोठण्याची क्षमता तपासून आजाराचे निदान करण्याच्या पद्धतींना रक्तपरीक्षा म्हणतात. या विषयाची वैद्यकीय शाखा म्हणजे रक्तविज्ञान. तपासणीसाठी शरीरातून काढलेले थोडेसे रक्त म्हणजे रक्तनमुना. शिरेबाहेर पडताच रक्त बदलू लागते. काही मिनिटांत ते गोठते. पेशी साखर वापरत राहतात, कालांतराने फुगतात आणि फुटतात. नमुना घेण्याचे, ठेवण्याचे व पाठवण्याचे बहुतेक नियम हा बदल रोखण्यासाठी आहेत. यंत्र कितीही अचूक असले, तरी ते हाती आलेला नमुनाच मोजते. म्हणून दंडाला पट्टा बांधल्यापासूनच तपासणी सुरू झाली असे धरले जाते.

रक्ताचे घटक : प्रौढ माणसाच्या वजनापैकी ७ ते ८ टक्के भाग रक्ताचा असतो, म्हणजे ढोबळमानाने ५ लिटर. त्यातील सुमारे ५५ टक्के भाग पिवळसर रक्तद्रवाचा आणि उरलेला पेशींचा. गोठलेल्या रक्ताची गाठ वेगळी झाल्यावर जो द्रव सुटतो तो रक्तरस. गोठण्यात खर्च झालेले फायब्रिनोजेन त्यात नसते. तांबड्या पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट, केंद्रक नसलेल्या आणि ७ ते ८ मायक्रॉन व्यासाच्या असतात. त्यांचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. त्यांतील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. पांढऱ्या पेशी प्रौढांत दर मायक्रोलिटरला साधारण ४,००० ते ११,००० असतात. त्यांचे न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल व बेसोफिल असे पाच मुख्य प्रकार आहेत. प्लेटलेट या सर्वांत लहान असून त्या दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. जखमेच्या तोंडाशी चिकटून रक्तस्राव थांबवायला त्या सुरुवात करतात. प्रौढांत या सर्व पेशी मुख्यतः हाडांतील लाल मज्जेत तयार होतात.

इतिहास : यान स्वामरडाम यांनी १६५८ मध्ये बेडकाच्या रक्तातील तांबड्या पेशी पाहिल्या. आंतोन व्हान लेव्हेनहूक यांनी १६७४ मध्ये माणसाच्या रक्तातील पेशींचे वर्णन केले. अठराव्या शतकात इंग्लंडमधील विल्यम ह्यूसन यांनी रक्त गोठण्याची क्रिया आणि पांढऱ्या पेशी यांवर प्रयोग केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाउल एर्लिख यांनी रंगद्रव्ये वापरून पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे करून दाखवले. कार्ल लँडस्टायनर यांनी १९००–०१ मध्ये रक्तगट शोधले. त्यासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मॅक्सवेल विन्ट्रोब यांनी १९२९ मध्ये पेशींचे रक्तातील प्रमाण मोजणारी नळी प्रचारात आणली. १९५३ मध्ये वॉलेस कूल्टर यांना विद्युतरोधावरून पेशी मोजण्याच्या तत्त्वाचे पेटंट मिळाले. आजच्या बहुतेक स्वयंचलित यंत्रांची सुरुवात तेथून झाली.

नमुन्याची नळी व रसायने : नमुना ज्या नळीत घेतात तिला महाराष्ट्रातील लॅबमध्ये सर्रास ‘बल्ब’ म्हणतात. झाकणाचा रंग आतील रसायन सांगतो. जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये ईडीटीए असते. रक्त गोठायला कॅल्शियम लागते. ईडीटीए ते बांधून टाकते आणि पेशींचा आकार बराच काळ टिकवते. म्हणून पेशीगणनेसाठी हाच बल्ब वापरतात. फिकट निळ्या झाकणाखाली ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असते. तेही कॅल्शियम बांधते, पण प्रयोगशाळेत कॅल्शियम घालून गोठण्याची क्रिया पुन्हा सुरू करता येते. त्यामुळे पीटी व एपीटीटी या गोठणवेळेच्या तपासण्या याच बल्बवर होतात. येथे ९ भाग रक्त व १ भाग सायट्रेट हे प्रमाण काटेकोर पाळावे लागते. बल्ब अर्धवट भरला तर सायट्रेट जास्त होऊन गोठणवेळ उगाच लांबलेली दिसते. लाल झाकणाचा, रक्त गोठू देणारा बल्ब रक्तरसासाठी, हिरव्या झाकणाचा हेपॅरिनचा आणि करड्या झाकणाचा फ्लोराइडचा. फ्लोराइड पेशींकडून होणारा साखरेचा वापर रोखते, म्हणून रक्तशर्करेसाठी तो लागतो.

एकाच सुईने अनेक बल्ब भरायचे असल्यास क्रम ठरलेला आहे : आधी जंतुसंवर्धनाची बाटली, मग सायट्रेट, लाल, हेपॅरिन, ईडीटीए आणि शेवटी फ्लोराइड. आधीच्या बल्बमधील रसायनाचा अंश सुईवाटे पुढच्यात जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. बहुतेक जांभळ्या बल्बमधील ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असते. त्याचा थेंबभर अंश लाल बल्बमध्ये गेला तरी अहवालात पोटॅशियम धोकादायक वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. रुग्ण मात्र ठणठणीत असतो.

शिरेतून नमुना घेणे : रुग्णाला खुर्चीत बसवून किंवा झोपवून हात सरळ ठेवतात. ओळख पटवताना ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारत नाहीत. गर्दीत, घाईत किंवा ऐकू कमी येत असल्यास माणूस नुसती मान डोलावतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असे म्हणून नाव आणि वय किंवा नोंदणी क्रमांक हे दोन्ही कागदाशी ताडून पाहतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, पूर्वी रक्त काढताना चक्कर आली होती का, हेही विचारून घेतात.

कोपराच्या खोबणीतील मधली शीर सहसा पसंत केली जाते. ती ठळक असते आणि सुई लागताना फारशी सरकत नाही. आतल्या बाजूच्या शिरेजवळून धमनी व चेतातंतू जातात, म्हणून ती शेवटचा पर्याय. सलाईन चालू असलेला हात टाळतात, कारण तेथील रक्त पातळ झालेले असते. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असल्यास त्या बाजूचा हातही टाळतात. पट्टा टोचण्याच्या जागेच्या ७ ते १० सेंमी. वर बांधतात आणि एका मिनिटापेक्षा जास्त ठेवत नाहीत. जास्त वेळ राहिला तर पाणी शिरेबाहेर झिरपते आणि पेशी व प्रथिने प्रत्यक्षाहून जास्त भरतात. शीर सापडत नाही म्हणून रुग्णाला मूठ सारखी उघडझाप करायला सांगण्याची सवय असते; त्याने पोटॅशियम वाढते. मूठ नुसती आवळून धरणे पुरे.

त्वचा ७० टक्के अल्कोहोलने पुसून ती वाळू देतात. ओल्या त्वचेतून टोचले तर आग होते आणि अल्कोहोल मिसळून पेशी फुटू शकतात. प्रौढांसाठी साधारण २१ किंवा २२ गेजची सुई, तिरपे तोंड वर ठेवून, १५ ते ३० अंशांच्या कोनात घालतात. रक्त येऊ लागताच पट्टा सोडतात. सुई काढल्यावर कापसाने काही मिनिटे दाबून धरायचे असते. कोपर दुमडून बसण्याची पद्धत रूढ असली, तरी त्याने जागा काळीनिळी पडण्याचा संभव वाढतो.

सिरिंजने रक्त घेतले असल्यास सुई काढून रक्त बल्बच्या भिंतीवरून हळू सोडतात. सुईतूनच जोराने दाबले तर तांबड्या पेशी फुटून रक्तरस लालसर होतो. मग बल्ब उलटसुलट करून रसायन मिसळतात : ईडीटीएचा ८ ते १० वेळा, सायट्रेटचा ३–४ वेळा. बल्ब हलवून घुसळणे वर्ज्य. नाव व वेळेची चिठ्ठी रुग्णासमोरच, रक्त घेतल्यानंतर लावतात. आधीच चिठ्ठ्या लावून ठेवलेले रिकामे बल्ब दोन रुग्णांच्या नमुन्यांची अदलाबदल घडवू शकतात. रक्तगटाच्या नमुन्यात अशी चूक जिवावर बेतते.

बोटातून व टाचेतून नमुना : थोडे रक्त पुरत असेल तेव्हा मधल्या बोटाच्या किंवा अनामिकेच्या पेराच्या बाजूला टोचतात. तान्ह्या बाळांत टाचेच्या तळव्याच्या कडेला टोचतात. मधोमध टोचल्यास हाडाला इजा होऊ शकते. पहिला थेंब पुसून टाकतात, कारण त्यात ऊतींतील द्रव मिसळलेला असतो. बोट पिळले तरी हाच दोष येतो. अपुऱ्या दिवसांच्या, किलोभर वजनाच्या बाळाच्या अंगात जेमतेम ८५ ते १०० मिलि. रक्त असते, म्हणून त्याच्या प्रत्येक तपासणीसाठी किती रक्त काढले याची नोंद ठेवावी लागते.

हिमोग्राम : सीबीसी किंवा हिमोग्राम ही सर्वांत जास्त केली जाणारी रक्तपरीक्षा. तिच्यासाठी उपाशीपोटी राहण्याची गरज नसते. तुपातेलाच्या जेवणानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात मात्र रक्तद्रव दुधाळ होऊन हिमोग्लोबिन खोटे वाढू शकते. ‘रक्त ९ टक्के आहे’ असे घरोघर म्हणतात ते १०० मिलि. रक्तातील हिमोग्लोबिनचे ग्रॅम होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ पुरुषांत १३, गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ आणि गरोदरपणी पहिल्या व शेवटच्या तिमाहीत ११ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, ८० ते १०० फेम्टोलिटर असते. ते कमी असल्यास लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियाचा वाहकपणा, आणि जास्त असल्यास बी–१२ किंवा फोलेटची कमतरता यांचा विचार होतो. लोहाच्या कमतरतेत पेशींची संख्याही घटते. थॅलेसेमियाच्या वाहकांत पेशी लहान असूनही संख्या पुरेशी किंवा जास्त असते. म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून लोहाच्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी बाकीचे आकडे वाचणे उपयोगी ठरते.

कूल्टर तत्त्वावरील यंत्रात पेशी एकेक करून बारीक छिद्रातून जातात. दर पेशीमागे विद्युतप्रवाहाचा रोध क्षणभर वाढतो. त्या उसळ्या मोजून संख्या आणि उसळीच्या उंचीवरून आकारमान मिळते. यंत्राला फक्त आकार कळतो. पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना एखाद्या नमुन्यात प्लेटलेट १८,००० दिसतात, घरचे लोक रक्तपेढीकडे धावतात. अशा वेळी त्या रक्ताचा लेप दिलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की कधीकधी लेपाच्या शेपटाकडे प्लेटलेटचे जांभळट पुंजके दिसतात. ईडीटीएमुळे काहींच्या प्लेटलेट बल्बमध्येच एकमेकींना चिकटतात किंवा नीट न मिसळल्याने रक्तात बारीक गाठ झालेली असते, आणि यंत्र त्या पुंजक्यांना प्लेटलेट म्हणून मोजत नाही. मग सायट्रेटमध्ये नवा नमुना घेतात. सायट्रेटच्या द्रवाने रक्त पातळ होत असल्याने आलेल्या संख्येला १.१ ने गुणतात.

काचपट्टी : रक्ताचा छोटा थेंब काचेच्या एका टोकाला ठेवून दुसरी काच ३० ते ४५ अंशांत धरून एका दमात पुढे सरकवतात. चांगला लेप जिभेच्या आकाराचा असतो. डोक्याकडे जाड आणि शेपटाकडे विरळ. तो हवेत वाळवून भारतात बहुधा लिशमन रंगाने रंगवतात. पेशी एकमेकींना जेमतेम स्पर्श करतात त्या पट्ट्यात तेलाच्या भिंगाखाली तपासणी होते. ईडीटीएतील रक्त फार काळ राहिले तर पांढऱ्या पेशींची केंद्रके विस्कटतात, म्हणून लेप शक्यतो दोन तासांत करतात. हिवतापासाठी जाड व पातळ असे दोन लेप घेतात : जाड लेपात परजीवी असल्याचे लवकर कळते, पातळ लेपात त्याची जात ओळखता येते.

सुरक्षितता : प्रत्येक नमुना संसर्गजन्य समजूनच हाताळतात. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवत नाहीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया पांढऱ्या, सुईने न भेदल्या जाणाऱ्या डब्यात, सिरिंज व प्लॅस्टिकचे बल्ब लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत जातो. सुई टोचली तर जागा न पिळता साबण व पाण्याने धुतात आणि लगेच कळवतात. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. हिपॅटायटिस बीची लस हे या कामातील प्रत्येकासाठी मुख्य संरक्षण.

महाराष्ट्रातील संदर्भ : १९२८ मध्ये भारतात आलेल्या लूसी विल्स यांनी मुंबईत हाफकिन संस्थेत राहून कापडगिरण्यांतील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. या स्त्रियांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या आणि यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अर्कातील तो घटक फोलेट असल्याचे पुढे स्पष्ट झाले. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या नव्या रक्तगटाचे वर्णन केले. तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला जातो. या व्यक्तींच्या पेशींवर एच प्रतिजनच नसते आणि रक्तरसात त्याविरुद्ध प्रतिद्रव्य असते. नुसत्या पेशी तपासल्या तर हा गट ‘ओ’ वाटतो. रक्तरस ‘ओ’ पेशींशी ताडून पाहिल्यावरच फरक उघड होतो, आणि अशा रुग्णाला याच गटाचे रक्त द्यावे लागते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली.

नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल आजार आढळतो. गावपातळीवर बोटातील थेंबावर विद्राव्यता चाचणी करतात. ती वाहक आणि रुग्ण यांच्यात भेद करू शकत नाही, म्हणून सकारात्मक व्यक्तीचा ईडीटीए नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीसाठी पाठवतात. नुकतेच रक्त चढवलेल्या रुग्णाच्या नमुन्यात दात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात. तेथे अहवाल तंतोतंत बरोबर असूनही निदान चुकू शकते. रक्त चढवण्याआधीच नमुना घेऊन ठेवणे, आणि ते शक्य नसल्यास चढवल्याची तारीख मागणीपत्रावर लिहिणे, हा यावरचा उपाय.